वाचलेलं इंधन गेलं कुठे?

पिकअपचा मालक भेटला की पहिला प्रश्न अ‍ॅव्हरेजचा. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात तो विचारतात, तसाच टेक्सास-ओहायोमधल्या पंपावरही विचारतात. तिथे लिटरला किलोमीटर न मोजता गॅलनला मैल मोजतात, एवढाच फरक. आणि दोन्हीकडे उत्तराला जोडून एक तक्रार ऐकू येते, की जुनी गाडी याहून जास्त द्यायची. पंधरा-वीस वर्षं राबलेली गाडी काढून नवी घेतली, हप्ते सुरू झाले, गिअर वाढले, इंजिनावर देखरेख करणारा संगणक आला, आणि पंपावरचा हिशेब मात्र जवळजवळ जिथल्या तिथे. मग एवढ्या सुधारणांचं झालं काय?

ही तक्रार म्हाताऱ्यांची हळहळ म्हणून सोडून देण्यासारखी नाही. ती निम्मी खरी आहे, आणि ते निम्मं सत्य महत्त्वाचं आहे. इंजिनं सुधारली यात शंका नाही. पण त्या सुधारणेतून जे इंधन वाचायला हवं होतं ते मालकाच्या खिशापर्यंत पोचलं नाही. वाढलेला पगार वाढलेल्या घरभाड्यातच जावा तसं ते वाटेतच खर्ची पडलं: थोडं हवा स्वच्छ राखण्यात, आणि बरंचसं वजनात, ताकदीत आणि वेगात. यातला पहिला खर्च मला मान्य आहे. दुसरा नाही. आणि दुसऱ्या खर्चाला निव्वळ गिऱ्हाइकाची हौस कारण नाही. त्याला कायद्याने वाट करून दिली.

याचा पुरावा अमेरिकेत मिळतो, कारण तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, १९७५ पासूनच्या प्रत्येक सालच्या नव्या गाड्यांची सलग नोंद ठेवली आहे. १९७५ मध्ये तिथली सरासरी नवी गाडी रस्त्यावर गॅलनला १३.१ मैल धावत होती, म्हणजे लिटरला साडेपाच किलोमीटर. १९८७ पर्यंत तो आकडा २२ वर गेला. अवघ्या बारा वर्षांत एवढी झेप. पुढे सतरा वर्षं तंत्रज्ञान पुढे जात राहिलं आणि आकडा मात्र मागे सरकला. २००४ मध्ये तो १९.३ होता. त्यानंतर पुन्हा चढण लागली आणि २०२३ सालच्या गाड्यांनी २७.१ गाठला, त्यातही विजेवरच्या गाड्यांचा हात आहे. याच काळात सरासरी अश्वशक्ती १३७ वरून आधी उतरली आणि मग चढत चढत २०२२ मध्ये २५९ झाली. पिकअपपुरतं पाहिलं तर चित्र आणखी ठळक आहे: ताकद दुपटीहून जास्त, वजनात मोठी भर, आणि ऐंशीच्या दशकातल्या सरासरीपेक्षा आजचं अ‍ॅव्हरेज थोडंसंच पुढे.

एमआयटीमधले अर्थशास्त्रज्ञ क्रिस्टोफर निटल यांनी २०११ मध्ये या प्रश्नाला थेट हात घातला. गाड्यांचं वजन, अश्वशक्ती आणि टॉर्क १९८० मध्ये होते तेवढेच ठेवले असते, तर २००६ पर्यंत अ‍ॅव्हरेज किती वाढलं असतं, असा त्यांचा प्रश्न होता. उत्तर आलं जवळपास ६० टक्के. प्रत्यक्षात वाढ झाली १५ टक्क्यांच्या आसपास. मला या विषयावर एकच आकडा लक्षात ठेवायला सांगितला तर मी हा ठेवीन. इंजिनिअरांनी आपलं काम केलं होतं. त्यांनी कमावलेलं इंधन दुसरीकडे वळवलं गेलं.

जुन्या पिकअपची आठवण काढणारा अमेरिकन माणूस बहुतेक वेळा कुठली गाडी डोळ्यांसमोर आणतो, तेही पाहायला हवं. ती असते ऐंशीच्या दशकातली टोयोटा पिकअप: २.४ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, हाताने टाकायचे गिअर, एकच केबिन, तिघे दाटीवाटीने बसतील असा बाक आणि मागे लांब हौदा. तिच्या आजूबाजूला फोर्ड रेंजर होती, डॅटसन होती, फोक्सवॅगनची छोटी डिझेल पिकअपही होती. ही गाडी गॅलनला वीसच्या वर सहज द्यायची. आज त्याच माणसाच्या दारात फोर्ड एफ-१५० उभी असते. तिला चार दरवाजे, मागच्या सीटवर मोटारीसारखी ऐसपैस जागा, दोन टनांच्या पुढे वजन आणि साडेपाच फुटांचा हौदा. ही गाडी एवढ्या वजनासकट जुन्या छोट्या पिकअपच्या जवळपास अ‍ॅव्हरेज देते, हे तंत्रज्ञानाचं मोठंच यश आहे. पण मालकाच्या दृष्टीने पाहा. त्याच पैशांत त्याला काय मिळालं? हौदा लहान झाला आणि केबिन मोठी झाली. ज्या भागात माल भरायचा तो आखडला, आणि ज्या भागात एकटा माणूस बसून कामावर जातो तो वाढला.

या यशाची बाजूही नीट सांगायला हवी, कारण ‘नव्या गाड्यांत काही दम नाही’ असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. २००८ पर्यंत एफ-१५० ला चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता. २००९ मध्ये सहा झाले आणि २०१७ पासून काही मॉडेलांना दहा. गिअर जास्त म्हणजे इंजिनाला त्याच्या सोयीच्या फेऱ्यांवर राहता येतं. २०११ मध्ये आठ सिलिंडरच्या जागी टर्बो बसवलेलं सहा सिलिंडरचं ३.५ लिटरचं इंजिन आलं. २०१५ मध्ये पोलादी बॉडी काढून अ‍ॅल्युमिनियमची बसवली आणि काही मॉडेलांत ७०० पौंडांपर्यंत, म्हणजे सव्वातीनशे किलोच्या आसपास, वजन उतरवलं. त्या सालच्या २.७ लिटर टर्बो मॉडेलला ईपीएच्या लेबलवर गॅलनला २२ मैल मिळाले, लिटरला सव्वानऊ किलोमीटर. एवढ्या धिप्पाड गाडीला हा आकडा चांगलाच आहे.

पण लेबलवरचा आकडा आणि रस्त्यावरचा आकडा यांत अंतर का पडतं, ते समजून घेतलं की मालकांची तक्रार उलगडते. लहान टर्बो इंजिनाची सगळी हुशारी हलक्या पायावर अवलंबून असते. गाडी रिकामी आणि वेग मध्यम असेल तर ते खरोखर लहान इंजिनासारखं कमी पितं. मागे ट्रेलर जोडला, चढ लागला, टर्बो जोरात फिरू लागला की त्याच इंजिनात मोठ्या इंजिनाएवढी हवा कोंबली जाते, आणि हवा आली की तिच्या प्रमाणात पेट्रोलही आलंच. फार भार पडला तर ज्वलनाचं तापमान आवरायला गरजेपेक्षा थोडं जास्तच पेट्रोल सोडावं लागतं. म्हणून बोट ओढणाऱ्याला नवी गाडी जुन्या आठ सिलिंडरइतकीच खादाड वाटते, आणि रिकामी फिरवणारा तिच्यावर खूश असतो. दोघेही खरं बोलत असतात.

वेगाचं गणित याहून निर्दयी आहे. ईपीएच्या मूळ हायवे चाचणीत सरासरी वेग ताशी ४८ मैल आणि कमाल ६० मैल. ती चाचणी सत्तरच्या दशकातली. तेलटंचाईमुळे १९७४ पासून अमेरिकेभर ५५ मैलांची वेगमर्यादा होती. १९९५ मध्ये ती देशव्यापी मर्यादा रद्द झाली आणि टेक्सासमधल्या एका टोलरस्त्यावर तर आज ८५ पर्यंत परवानगी आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ६० च्या जागी ७५ मैलांनी गेलं की तो दीडपटीच्या वर जातो, आणि पिकअपसारख्या चौकोनी, उंच नाकाच्या गाडीला त्याची सगळ्यांत जास्त झळ लागते. ईपीएने २००८ पासून लेबलच्या हिशेबात जास्त वेग, सुरू असलेला एसी आणि थंडीतलं इंजिन यांच्या चाचण्या धरल्या, त्यामुळे आकडे बरेच खाली, म्हणजे खऱ्याच्या जवळ आले. तरीही जुन्या गाडीचं लेबल आणि नव्या गाडीचं लेबल शेजारी ठेवून तुलना करणारा माणूस अनेकदा वेगवेगळ्या पद्धतीने काढलेले आकडे ताडून पाहत असतो.

मालकाच्या हिशेबातही घोळ असतात. टाकी फुल्ल करून ट्रिप मीटर शून्यावर आणायचं, पुढच्या खेपेला त्याच पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरायचं आणि किलोमीटरला लिटरने भागायचं, ही पद्धत अजूनही सगळ्यांत भरवशाची. डॅशबोर्डवरचा आकडा पुष्कळदा थोडा गोड असतो. आणि गाड्या दांडग्या दिसाव्यात म्हणून मूळ मापापेक्षा मोठे टायर चढवले की दुहेरी फसगत होते: जड, रुंद टायर फिरवायला इंधन खरोखर जास्त लागतं, शिवाय चाकाचा घेर वाढल्याने फेऱ्या कमी होतात आणि मीटर प्रत्यक्ष अंतरापेक्षा कमी अंतर दाखवतं. गाडी आहे त्याहूनही वाईट दिसते. नवी असो की जुनी, असे टायर चढवलेल्या पिकअपचे आकडे तुलनेतून बाजूला काढावेत.

आता कायद्याकडे येतो, कारण खरं पाणी तिथे मुरतं. १९७३ च्या तेलटंचाईनंतर १९७५ मध्ये अमेरिकेने कंपन्यांवर सरासरी अ‍ॅव्हरेजचं बंधन घातलं. प्रवासी मोटारींना १९८५ पर्यंत गॅलनला २७.५ मैल गाठायचे होते. पिकअप आणि तिच्यासारख्या हलक्या ट्रकांना वेगळ्या रांगेत उभं केलं, कारण ती शेतकऱ्याची, सुताराची, नळ दुरुस्त करणाऱ्याची गाडी. तिच्यावर मोटारीएवढी सक्ती नको. हेतू चांगला होता. पण ती सवलत गाडीच्या आकाराला मिळाली, कामाला नाही. शेत कधी न पाहिलेल्या माणसाने पिकअप घेतली तरी तीच सवलत लागू. १९९६ ते २००४ ट्रकांचं उद्दिष्ट २०.७ वर गोठून राहिलं. त्यातली बरीच वर्षं ते वाढवण्यासाठी सरकारी खात्याने पैसा वापरूच नये, अशी अट संसदेने अर्थसंकल्पात घातली होती. त्याआधी, १९६४ मध्ये, युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर कर बसवला म्हणून अध्यक्ष जॉन्सन यांनी परदेशी हलक्या ट्रकांवर २५ टक्के आयातकर लावला होता. कोंबड्यांचं भांडण कधीच मिटलं. कर तेवढा राहिला, आणि परदेशातल्या छोट्या, काटकसरी पिकअपना अमेरिकेचं दार अरुंद झालं.

मग २००७ च्या कायद्याला धरून नवी पद्धत आली, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठं नुकसान तिने केलं. २०११ पासून प्रत्येक गाडीचं उद्दिष्ट तिच्या चार चाकांनी व्यापलेल्या जागेवरून ठरू लागलं. गाडी जेवढी लांब-रुंद तेवढं उद्दिष्ट सैल. छोटी पिकअप बनवणाऱ्या कंपनीला कडक आकडा, मोठी बनवणाऱ्याला सोपा. कंपन्यांनी काय करावं अशी अपेक्षा होती? छोटी रेंजर अमेरिकेत २०११ मध्ये बंद झाली आणि २०१९ मध्ये परतली ती अंगाने भरून. तिच्या बंद होण्याला बाजाराचीही कारणं होती, हे मी नाकारत नाही. पण नियमच मोठ्या गाडीच्या बाजूने झुकलेला असताना ‘लोकांनाच मोठ्या गाड्या हव्या होत्या’ हे म्हणणं मला पटत नाही. २०२२ च्या मॉडेलपासून फोर्डने मॅव्हरिक नावाची छोटी हायब्रिड पिकअप काढली. लेबलवर गॅलनला ३७ मैल, लिटरला पंधराच्या वर. हौद्यात पावणेसातशे किलो माल. मागणी एवढी आली की कंपनीला ऑर्डरी थांबवाव्या लागल्या. छोट्या गाडीला गिऱ्हाईक होतंच, तिला रस्त्यावर जागा ठेवली नव्हती.

वरच्या टोकाला तर मोजमापच नाही. भारासकट एकूण वजनाची मर्यादा ८,५०० पौंडांच्या, म्हणजे ३,८५६ किलोच्या वर गेली की त्या पिकअपला अ‍ॅव्हरेजचं लेबल लावायची सक्ती नाही. सगळ्यांत जास्त पिणारी गाडी घेणाऱ्यालाच ती किती पिते हे शोरूममध्ये कळत नाही. आणि २०२५ मध्ये अमेरिकी संसदेने या उद्दिष्टांच्या भंगाचा दंड शून्यावर आणला. नियम कागदावर राहिला, त्याचे दात गेले.

हे सगळं पिकअपच्याच बाबतीत इतकं महत्त्वाचं का, त्याचं गणित ड्यूक विद्यापीठातल्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात मांडलं होतं. गॅलनला मैल किंवा लिटरला किलोमीटर हे माप डोळ्यांना फसवतं. १२,००० मैल फिरणारी मोटार गॅलनला ३० वरून ४० वर गेली तर चारशेच्या जागी तीनशे गॅलन लागतात, शंभर वाचतात. तेवढंच फिरणारी पिकअप १२ वरून १६ वर गेली तर हजाराच्या जागी साडेसातशे, म्हणजे अडीचशे वाचतात. दहा मैलांची वाढ भरघोस वाटते, चारांची किरकोळ. खिशात मात्र उलटं पडतं. जी गाडी जास्त पिते तिच्यात झालेली छोटी सुधारणाही मोठी असते. आणि नेमक्या त्याच गाडीला कायद्याने सूट दिली.

मघाशी म्हटलं की काही इंधन हवा स्वच्छ राखण्यात गेलं आणि तो खर्च मला मान्य आहे. डिझेल पिकअपमध्ये तो उघड दिसतो. धुरातली काजळी एका गाळणीत अडवतात. ती भरत आली की जादा डिझेल सोडून गाळणी सहाशे अंशांच्या आसपास तापवतात आणि काजळी जाळून टाकतात. लांबच्या हायवेवर हे काम सुरळीत होतं. गावातल्या गावात, थांबत-थांबत चालणाऱ्या गाडीत ते अर्धवट राहतं, पुन्हा सुरू होतं, पुन्हा डिझेल जातं, मग डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि इंजिन जोर काढेनासं होतं. वाहनमालकाचा संताप मी समजू शकतो. पण त्या जादा डिझेलच्या बदल्यात रस्त्याकडेला भाजी विकणाऱ्या बाईच्या आणि सिग्नलला दुचाकीवर थांबलेल्या मुलाच्या छातीत काजळी कमी जाते. हा व्यवहार तोट्याचा नाही. तो चुकवायचा मोह कंपन्यांनाही झाला: रॅम पिकअपच्या डिझेल इंजिनांत चाचणीला चकवणारी व्यवस्था बसवल्याच्या आरोपावरून कमिन्स कंपनीने अमेरिकी सरकारशी तडजोड केली आणि १६७ कोटी डॉलरांच्या वर दंड कबूल केला.

हाच खर्च आपण १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ या प्रदूषण-नियमांच्या रूपाने करतो आहोत. बीएस-५ ची पायरी गाळून आपण थेट सहाव्यावर गेलो, डिझेलमधलं गंधक दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आणलं, आणि डिझेल मोटारींच्या धुरातल्या कणांची मर्यादा ८० टक्क्यांहून जास्त खाली उतरवली. ‘बीएस-४ गाडी बरी होती, बीएस-६ ने अ‍ॅव्हरेज खाल्लं’ असं म्हणणाऱ्या मालकाने तुलना करताना ही बाजूही धरायला हवी.

आपली पिकअप मात्र अमेरिकेतल्या पिकअपहून एका बाबतीत पूर्ण वेगळी आहे: ती भरलेली असते. हंगामात नारायणगावहून निघालेली गाडी पाहावी. हौद्यात क्रेटवर क्रेट, केबिनच्या टपाच्या वर गेलेली थप्पी, त्यावर ताडपत्री आणि ती आवळणारा दोरखंड. मागचे पाटे सरळ होऊन आसाला टेकायच्या बेतात आलेले, टायर खाली पसरलेले. माळशेज घाट उतरून ती वाशीला जाते आणि परतताना रिकामे क्रेट घेऊन तोच घाट चढते. या गाडीचं अ‍ॅव्हरेज लिटरला किलोमीटरमध्ये मोजणं म्हणजे ज्यासाठी ती घेतली ते कामच हिशेबातून वगळणं. समजा, जुनी पिकअप एक टन माल घालून लिटरला १४ किलोमीटर देत होती आणि नवी दीड टन घालून १२ देते. गप्पांत जुनी जिंकते. पण एक टन माल १०० किलोमीटर न्यायला जुनीला सात लिटरच्या वर लागतं, नवीला साडेपाचच्या जरा वर. नवी गाडी वीस टक्क्यांहून जास्त स्वस्त पडली. अर्थात भार दोन्हींत सारखाच असेल किंवा जुन्या गाडीतही बेकायदा दीड टनच भरला जात असेल, तर हा फायदा राहत नाही, आणि तेव्हा मालकाची तक्रार शंभर टक्के रास्त आहे. टन आणि किलोमीटर दोन्ही धरल्याशिवाय यातलं कुठलं खरं, हे ठरवताच येत नाही.

मला काळजी वेगळीच वाटते. आपल्याकडे प्रवासी मोटारींसाठी २०१७ पासून जे इंधनवापराचे नियम लागू झाले, त्यांत कंपनीचं उद्दिष्ट तिच्या विकलेल्या गाड्यांच्या सरासरी वजनावरून ठरतं. सरासरी वजन जास्त, तर उद्दिष्ट सैल. अमेरिकेने चाकांखालच्या जागेला जी सवलत दिली ती आपण वजनाला दिली. आज देशात विकल्या जाणाऱ्या नव्या प्रवासी गाड्यांत निम्म्याहून अधिक एसयूव्ही आहेत. पुढचा टप्पा २०२७ पासून येऊ घातला आहे आणि कंपन्यांची त्यावर ओढाताण चालू आहे. तिथे वजनाचा हा उतार सपाट करायला हवा; जड गाडी हवी असेल त्याने ती जरूर घ्यावी, पण उद्दिष्ट तिच्यासाठी सैल होऊ नये. आणि पिकअपसाठी वेगळा मार्ग हवा. तिला सूट द्यायची तर ती दिसण्याला नको, हौद्यातल्या टनांना द्या. वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआय १९६६ पासून पुण्यातच आहे. पूर्ण परवानगीचा भार घालून, चढ धरून एक टन माल शंभर किलोमीटर न्यायला किती लिटर लागतात, हा आकडा प्रत्येक पिकअपच्या माहितीपत्रकावर किमतीएवढ्याच मोठ्या अक्षरांत छापायची सक्ती झाली, तर गाडी बुक करतानाच मालकाला जुनी आणि नवी एका कागदावर मांडून बघता येईल.